बोगोय मिस्त्रीची मिशी

चर्चच्या वळणावर नेवेनाची लाल गाडी एकदा शिंकली, दोनदा खोकली आणि हीव भरल्यासारखी थडथडून भर चढावर बंद पडली.

"आज नको गं बाई," स्टिअरिंगवरून हात फिरवत नेवेना म्हणाली. "आज उशीर झाला तर झिव्का मला उभी चिरेल."

गाडी ढिम्म हलली नाही. मागच्या सीटवर स्वच्छ फडक्याखाली बानित्साच्या पराती वाफा सोडत होत्या. पहाटे उठून लाटलेले पापुद्रे आणि त्यांच्यात घरच्या शेळीचं चीज. शहराच्या बसस्टँडवर झिव्काच्या टपरीसमोर एव्हाना कामावर जाणारी माणसं उभी असतील. बानित्सा हा प्रकारच असा, की पहिल्या बसच्या आधी पोहोचला तर न्याहारी, नंतर पोहोचला तर कोंबड्यांचा खुराक.

वळणावरच्या पाणवठ्यापाशी बादल्या भरणाऱ्या बाया नेवेनाकडे बघत होत्या आणि बघत नसल्याचं दाखवत होत्या. थोड्या वेळाने इंजिन आपसूक शहाणं झालं, चावीला ओ देऊन सुरू झालं, आणि पुढे उतारावर गाडी अशी भरधाव निघाली की मघाशी अडलेली गाडी ती हीच, हे शपथेवर सांगूनही कोणाला पटलं नसतं.

टपरीवर झिव्काने फडकं उचललं आणि वरच्या पापुद्र्याला बोट टेकवलं.

"गार."

"कोमट," नेवेना म्हणाली.

"नेवेना, तुझ्या हाताला तोड नाही. पण माझ्या गिऱ्हाइकाला बस पकडायची असते. सोमवारी शाळा उघडतायत. अर्धं शहर पोरांना नटवून इथून जाणार. त्या दिवशी वेळेवर आलीस तर पुढचं वर्षभर ह्या टपरीवर तुझीच बानित्सा. नाही आलीस, तर बेकरीवाला दारात उभाच आहे."

बेकरीवाला खरोखरच उभा होता. हातात टोपली, चेहऱ्यावर सहानुभूती. नेवेनाला ती सहानुभूती त्याच्या टोपलीत कोंबावीशी वाटली.

ही गाडी नेवेनाने हौसेखातर घेतलेली नव्हती. नवरा कामेन जर्मनीत इमारतींना परांची बांधायला गेलेला, वर्षातून एकदा नाताळात दिसायचा. गावातून शहराला जाणारी सकाळची बस बंद झाली, तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या नेवेनाने ठरवलं की आता आपणच चाक हातात घ्यायचं. ज्या वयात बायका गुडघ्यांबद्दल बोलतात, त्या वयात ती क्लचबद्दल बोलू लागली. गावाला हे पचायला जड गेलं. सासूबाईंना, स्तोयनाबाईंना, तर पचलंच नाही. त्यांनी रविवारी चर्चच्या दारात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "त्या पत्र्याच्या डब्यात मी पाय ठेवणार नाही. त्याच्याकडे बघणारही नाही." तेव्हापासून त्या गाडीला गाडी म्हणतच नसत. "ते" म्हणत.

नेवेनाच्या मनाला लागलं होतं ते वेगळंच. आमच्याकडे घरातलं माणूस महत्त्वाच्या कामाला निघालं की त्याच्या वाटेवर पाणी ओततात. पाणी वाहतं तसं काम विनाअडथळा व्हावं म्हणून. पोर परीक्षेला निघो, नवरा परदेशी निघो, पाणी ओतल्याशिवाय पाऊल बाहेर पडत नाही. कामेन निघाला तेव्हा सासूबाईंनी रस्त्याला ओढा आणला होता. पण नेवेना लायसन्सच्या परीक्षेला निघाली, उगाच चपलेचा पट्टा सोडून पुन्हा बांधत दारात रेंगाळली, तेव्हा सासूबाई आत कांदा चिरत बसल्या. उंबऱ्यापुढे एक थेंब पडला नाही. नेवेना परीक्षा पास होऊन आली, पण तो कोरडा उंबरा ती विसरली नाही.

असो. शहरातून परतताना नेवेनाने गाडी सरळ बोगोय मिस्त्रीच्या गॅरेजात घातली.

बोगोयची ओळख म्हणजे त्याची मिशी. गॅरेजच्या दारातून आधी ती बाहेर यायची, मागून बोगोय. दोन्ही टोकं मेण लावून वर वळवलेली. गाडीतला दोष सापडला की त्याचा हात उजव्या टोकाला जायचा, गिऱ्हाइकातला दोष सापडला की डाव्या. लेश्निक गावातल्या सगळ्या गाड्या त्याच्या हातून गेलेल्या. नेवेनाची गाडीसुद्धा वसंतात घेतल्या घेतल्या त्यानेच सगळी उघडली, पुसली आणि पुन्हा जोडून दिली होती.

"बस," तो म्हणाला आणि कॉफी पुढे केली. त्याचा कॉफीचा ट्रे गावात प्रसिद्ध होता. काळ्या प्लास्टिकचा, लांबुळका, मधेच वाकडा आणि एका कडेला करवतीसारखे दात असलेला. कप त्याच्यावरून कायम एकीकडे घसरायचे. जुनी गिऱ्हाइकं आपला कप हातातच धरून ठेवायची. "काय झालं?"

"तेच."

"तेच म्हणजे काही नाही." बोगोयने चावी फिरवली. गाडी लगेच सुरू झाली. "ऐक. काय म्हणतेय? मांजर. पोट भरून झोपलेलं मांजर."

"आत्ता मांजर आहे. सकाळी चढावर कुत्र्यासारखी खोकत होती."

"पेट्रोल होतं?"

"होतं."

"हँडब्रेक काढला होतास?"

"मिस्त्री!"

"विचारावं लागतं, बाई. प्लग मी बदलले. फिल्टर बदलला. बॅटरीची टोकं घासून दिली. आणखी काय बदलू? रंग?"

"मी आवाज फोनवर घेऊन आलेय. हा ऐका."

बोगोयने फोन कानाला लावला, डोळे मिटले, मान डोलावली. "ही तुझी सासू खोकतेय."

"ही गाडी आहे!"

"मग डॉक्टरला दाखव, मला काय दाखवतेस?" त्याचा हात डाव्या टोकाला गेला. "खरं सांगू? राग नको मानूस. दोष आहे. पण तो स्टिअरिंग आणि सीट यांच्या मधोमध बसलाय."

हे वाक्य त्याला स्वतःलाच इतकं आवडलं, की संध्याकाळपर्यंत ते चौकातल्या कॅफेत पोहोचलं आणि रात्रीच्या फोनवर जर्मनीहून कामेनसुद्धा म्हणाला, "क्लच जरा नीट दाबत जा गं." नेवेनाने फोन बंद केला आणि त्या रात्री पीठ नेहमीपेक्षा जोरात आपटलं.

मग तिने गाडी मुक्कामाला गॅरेजात ठेवली. रात्रभर राहू दे, सकाळी थंडगार असताना मिस्त्रीने स्वतः सुरू करून बघावी. सकाळी ती बघायला गेली तर गाडी पहिल्याच चावीला सुरू होऊन बसलेली, आणि बोगोय बाजूला शीळ घालतोय. घरी आणली, एक रात्र गेली, सकाळी पुन्हा तोच खोकला.

"तुमच्याकडे आली की माहेरी आल्यासारखी वागते," ती तणतणली. "सगळा छळवाद सासरी."

"म्हणजे सासरीच काहीतरी बिघडलंय," बोगोय म्हणाला. तो गंमत करत होता. आपण किती बरोबर बोललो हे त्याला फार उशिरा कळायचं होतं.

दुपारी ही गाडी कधीच रुसत नसे. रविवारी चर्चला जाऊन यायची, चक्कीवर जाऊन यायची, कुरकुर नाही. रुसवा फक्त पहाटेचा. अंगणात अक्रोडाखाली उभी असायची, बॉनेटवर दव, वायपरमध्ये अडकलेलं झ्द्रावेत्सचं एखादं पान. ते पान नेवेना रोज काढून टाकायची. झ्द्रावेत्सचं सुवासिक, शकुनाचं झुडूप सगळ्या अंगणाला कुंपणासारखं लावलेलं होतं, वाऱ्याने पान उडायचं, त्यात नवल ते काय. उन्हाळाभर पाऊस नसताना दव एवढं कुठून पडतं, हा विचार तिच्या मनात आला नाही. पहाटे हातात गरम पराती असलेल्या बाईच्या मनात फारसे विचार येतच नाहीत.

शनिवारी चौकात बोगोयने ते स्टिअरिंग आणि सीटचं वाक्य पुन्हा एकदा, नव्या श्रोत्यांना ऐकवलं. दुर्दैवाने त्या श्रोत्यांच्या मागे नेवेना उभी होती.

"मिस्त्री," ती म्हणाली, "तुमच्या डोळ्यांदेखत बंद पडली तर?"

बोगोयने आजूबाजूला बघितलं. इतकी माणसं बघत असताना माघार घेणं त्याच्या मिशीला शोभलं नसतं.

"माझ्या डोळ्यांदेखत बंद पडली," त्याने मिशीवर ताव दिला, "तर ही उतरवून ठेवीन."

"आणि नाही पडली, तर मी इथंच उभी राहून सांगीन, की मला गाडी चालवता येत नाही. आणि विकून टाकीन."

बोलून तर गेली, पण घरी जाताना तिचा हिशेब सुरू झाला. गाडी गेली म्हणजे टपरी गेली. टपरी गेली म्हणजे नाताळपर्यंत कामेनच्या फोनची वाट बघणं आणि सासूबाईंबरोबर घेवडे निवडणं, एवढंच उरलं.

रविवारी भल्या पहाटे बोगोय मोटरसायकल फटफटवत दारात हजर झाला. सगळी गल्ली जागी झाली. द्राक्षाच्या मांडवाखाली ऐसपैस बसून त्याने कॉफी प्यायली. सासूबाई दारातून डोकावल्या, मिशी दिसताच "मेला उजाडायच्या आत येऊन बसलाय," असं पुटपुटल्या आणि आत गेल्या त्या गेल्याच. नेवेनाने देवाचं नाव घेऊन चावी फिरवली.

मांजर.

त्यांनी चर्चचं वळण चढलं, उतरलं, पुन्हा चढलं. बोगोयने काच खाली करून पाणवठ्यावरच्या बायांना हात केला.

"उद्या चौकात कधी येतेस?" त्याने विचारलं. "म्हणजे मी लोकांना सांगून ठेवतो."

नेवेना घरी येऊन गाडीतच बसून राहिली. रडू येत होतं, पण रडण्यापेक्षा तिला राग जास्त सोपा जायचा. गाडी बोगोय नसताना बंद पडते. बोगोय असताना पडत नाही. गॅरेजात पडत नाही, घरी पडते. दुपारी पडत नाही, पहाटे पडते. म्हणजे पहाटे, घरी, कोणी बघत नसताना ह्या गाडीचं काहीतरी होतं. कोण करतं? बेकरीवाला? त्याची ती टोपली आणि सहानुभूती डोळ्यांसमोर येताच ती ताडकन उठली आणि पुन्हा गॅरेजवर गेली.

"उद्या परत या. पण चालत या. अंधारात, मागच्या कुंपणातून. कोणाला दिसता कामा नये."

"का? गाडी मला लाजते?"

"माझ्या अंगणात कोणीतरी येतं, मिस्त्री. आपण दोघं कोंबड्यांच्या खुराड्यात दडून बसू. कोणीच आलं नाही, तर मी उद्याच चौकात उभी राहते."

बोगोय जिंकत होता, आणि जिंकणाऱ्या माणसाला उदार व्हायला आवडतं. तो आला.

सोमवारी दिशा फटफटत असताना खुराड्यात नेवेना, बोगोय आणि एक अतिशय नाराज कोंबडा अशी मंडळी फटीला डोळे लावून बसली होती. बानित्सा घरात विझत्या भट्टीतच गरम ठेवलेली. बोगोयच्या मिशीचं मेण कोंबड्याला खाण्याचं वाटत होतं, आणि तो अधूनमधून चोच मारून खात्री करून घेत होता.

"ह्याला आवर," बोगोय कुजबुजला.

"श्श! दार वाजलं."

बेकरीवाला नव्हता. घराचं मागचं दार उघडून सासूबाई बाहेर आल्या होत्या. डोक्याला काळा रुमाल, पायांत लोकरीचे मोजे, आणि दोन्ही हातांत तांब्याची मोठी बादली, काठोकाठ भरलेली. त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, छातीवर क्रुसाची खूण केली, आणि अख्खी बादली गाडीच्या काचेवर आणि बॉनेटवर ओतली. मग एप्रनच्या खिशातून झ्द्रावेत्सची डहाळी काढून वायपरखाली खोचली आणि म्हशीला थोपटावं तशी गाडी थोपटली.

"पाणी वाहतं तशी जा, बाई," त्या म्हणत होत्या. "वाटेत अडू नकोस. आधी मी पेलाभरच ओतत होते, तर तू अडलीस. मग तांब्या आणला, तरी अडलीस. काल तर तो मिशाळ येऊन बसला, माझं पाणीच राहिलं. म्हणून आज बादली. आज तिचा मोठा दिवस आहे. माझ्या पोरीला कोणापुढे मान खाली घालायला लावू नकोस. आणि तिला सांगू नकोस."

त्यांनी डोळ्यांना रुमालाचं टोक लावलं, आत गेल्या, आणि आत्ताच जाग आल्यासारख्या मोठ्याने खोकल्या.

खुराड्यात नेवेना जागच्या जागी बसून होती. इतके दिवस तिला कोरडा उंबरा आठवत होता, आणि इतके दिवस ही बाई पहाटे उठून, चोरासारखी, तिच्यासाठी पाणी वाहत होती. चर्चच्या दारात एकदा बोलून बसल्यामुळे चारचौघांत ओतता येत नव्हतं, म्हणून अंधारात ओतत होती. नेवेनाला हुंदका आला आणि हसूही आलं.

"अगं, ही बया इंजिनाला आंघोळ घालतेय!" बोगोय ओरडणारच होता, नेवेनाने त्याच्या तोंडावर हात दाबला. हातात मिशी आली.

"चूप! मागच्या कुंपणातून चर्चच्या वळणावर जा. पाणवठ्यापाशी उभे राहा. मी येतेच."

तिने पराती गाडीत ठेवल्या, "येते हो आई!" अशी हाक मारली, आणि निघाली. गाडी फाटकातच शिंकली. वळणावर येईपर्यंत तिला हीव भरलं. आणि सगळ्या बायांच्या, त्यांच्या बादल्यांच्या आणि धापा टाकत पोहोचलेल्या बोगोय मिस्त्रीच्या साक्षीने, त्याच्या बुटांपासून हातभर अंतरावर बंद पडली.

"पडली," नेवेना उतरून म्हणाली.

"पडली," सगळ्या बाया म्हणाल्या.

बोगोयने बॉनेट उघडलं. आतून पाणी ठिबकत होतं. "पडणारच!" तो म्हणाला. "दोष गाडीत नाहीच मुळी! लोकहो, हिच्या घरी..."

नेवेनाने त्याच्याकडे असं बघितलं, की पुढचे शब्द त्याने गिळले.

"काय हिच्या घरी?" एका बाईने विचारलं. "एवढं पाणी कुठून आलं?"

"दव," नेवेना म्हणाली.

"एवढं?"

"आमच्याकडे जोरात पडतं." ती बॉनेटखाली वाकली. इतके दिवस तिने इंजिनाकडे भीतभीत बघितलं होतं. आज भीती उरली नव्हती, आणि भीती गेली की माणसाला दिसायला लागतं. काचेच्या खालच्या कडेला ओळीने खाचा होत्या, रिकाम्या. त्यांच्यात झ्द्रावेत्सची सुकलेली पानं अडकली होती. आणि त्या खाचांमधून पाणी सरळ प्लगच्या वायरींवर पडत होतं. "मिस्त्री, ह्या रिकाम्या खाचा कसल्या?"

"त्या? त्या अशाच. तिथे एक झाकण असतं. पाऊसपाणी इंजिनावर पडू नये म्हणून, बाजूने वाहून..." बोगोय थांबला.

"झाकण. कसं असतं?"

"असतं. काळं."

"प्लास्टिकचं?"

"हं."

"लांबुळकं, मधेच वाकडं? एका कडेला करवतीसारखे दात?"

बोगोयचा हात मिशीच्या उजव्या टोकाकडे निघाला, डाव्याकडे वळला आणि शेवटी मधेच लोंबकळत राहिला.

"मिस्त्री," नेवेना गोड आवाजात म्हणाली, "तुमचा कॉफीचा ट्रे कुठला हो?"

पाणवठ्यावर जो हशा पिकला, तो खालच्या आळीपर्यंत ऐकू गेला. बोगोयच्या गॅरेजात कॉफी न प्यायलेलं माणूस गावात नव्हतं. वसंतात गाडी उघडली तेव्हा झाकण बाजूला ठेवलं, वर कप ठेवला, आणि पुढे झाकण आणि कप यांचं जमलं ते जमलंच.

आता मात्र बोगोयला घाई सुटली. अंगातला स्वेटर काढून त्याने वायरी पुसल्या. गाडी सुरू झाली. दोघं उतारावरून गॅरेजवर आली, बोगोयने ट्रेवरचे कप जमिनीवर ओतल्यासारखे उतरवले आणि झाकण खाचांवर धरून दाबलं. खट्, खट्, खट्, दात जागच्या जागी बसले.

"चल, बस!" तो ओरडला. "मी चालवतो!"

"तुम्ही शेजारी बसा," नेवेना म्हणाली. "स्टिअरिंग आणि सीटच्या मधोमध मी असते."

शहरापर्यंत तिने गाडी अशी चालवली, की बोगोयने वाटेत दोनदा स्वतःच्या पायाने नसलेला ब्रेक दाबला.

"पण नेवेना," धीर करून त्याने विषय काढला, "तुझ्या सासूने पाणी ओतलं नसतं तर..."

"तुम्ही झाकण ठेवलं असतंत, तर तिने डॅन्यूब ओतली असती तरी काय झालं असतं? पैज कशावर होती? गाडीत दोष आहे की नाही, यावर. होता की नाही?"

"होता."

"आणि माझ्या सासूचं नाव गावात काढलंत, तर मिशीबरोबर भुवयाही जातील."

म्हणजे बिचाऱ्याजवळ होती नव्हती ती सबबही गेली.

बसस्टँडवर झिव्का नुकतंच शटर वर ढकलत होती. बेकरीवाला टोपली घेऊन उभा होता. फुलांचे गुच्छ घेतलेली पोरं आणि त्यांच्या आया रांगेत होत्या. लाल गाडी टपरीसमोर येऊन उभी राहिली. नेवेनाने फडकं काढलं, तशी वाफ सगळ्यांच्या नाकात गेली.

झिव्काने बोट टेकवलं आणि झटकन मागे घेतलं.

"आई गं! भाजलं!"

ह्याहून गोड शब्द नेवेनाने आयुष्यात ऐकला नव्हता. बेकरीवाल्याने टोपली उचलली. ह्या वेळी सहानुभूती नेवेनाच्या चेहऱ्यावर होती, आणि तिने ती भरभरून दिली.

समोरच न्हाव्याचं दुकान होतं. बोगोय आत गेला आणि बाहेर आला तो कोणीतरी दुसराच माणूस. ओठावर पांढरा पट्टा, चेहरा एकदम शाळकरी. झिव्काने बानित्साचा पहिला तुकडा त्याला दिला.

"बघ, मिस्त्री," ती म्हणाली, "आता एक कणही अडकत नाही."

गावात परतल्यावर त्याचाच कुत्रा त्याला फाटकातून आत घेईना.

संध्याकाळी स्वयंपाकघरात सासूबाई कांदा चिरत होत्या.

"ऐकलं," त्या मान वर न करता म्हणाल्या. "त्या मिशाळाने त्याच्यातला एक तुकडा चोरून ठेवला होता म्हणे."

"चोरला नव्हता आई, विसरला होता."

"तेच. मग आता नाही अडणार ते?"

"नाही. आता कितीही दव पडलं तरी नाही."

सुरी जरा थांबली. नेवेना चुलीवरच्या पातेल्यात लक्ष घालून उभी राहिली.

"दव चांगलं असतं," सासूबाई म्हणाल्या आणि पुन्हा कांदा चिरू लागल्या. "वाटेला बरं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण नीट बसलंय ना हे बघायला बोगोय स्वतः आला, मान खाली, टोपी पार नाकावर. फाटक सताड उघडं होतं. गल्ली जागी होती. आणि फाटकात, सणासुदीचा फुलांचा रुमाल बांधून, उजेडात, सगळ्यांच्या देखत, बादली घेऊन सासूबाई उभ्या होत्या.

"काय बघताय?" त्या शेजारणींवर खेकसल्या. "अंगण शिंपतेय." मग बादली बोगोयच्या हातात दिली. "धर. मला आत बसायचंय."

नेवेनाच्या हातातून चावी पडली. "आत? कुठे आई?"

"कुठे म्हणजे? बसस्टँडवर. ती झिव्का कोण लागून गेलीय, माझ्या सुनेला धमक्या देणारी, जरा बघते." रुमाल सारखा करून सासूबाई पुढच्या सीटवर ताठ बसल्या आणि दोन्ही हातांनी सीटची कड घट्ट धरली.

"आजी, कुठे ओतू?" बोगोयने विचारलं. "रस्त्यावर?"

"रस्त्यावर काय ओततोस? काचेवर ओत. मी तिथेच..." सासूबाईंनी खाकरून घसा साफ केला. "तिथेच ओततात."

बोगोयने एकदा नेवेनाकडे बघितलं. नेवेना गंभीर चेहऱ्याने समोर बघत होती. त्याने बादली उचलली आणि सगळंच्या सगळं पाणी काचेवर, बॉनेटवर, आपल्या जुन्या कॉफीच्या ट्रेवर ओतलं. पाणी बाजूंनी झरझर वाहून खाली गेलं.

नेवेनाने चावी फिरवली. पहिल्या चावीला सुरू.

रिकामी बादली घेऊन बिनमिशीचा बोगोय रस्त्याच्या मधोमध उभा राहिला, आणि लाल गाडी गावातून निघाली. चर्चच्या वळणावर पाणवठ्यावरच्या बायांनी हात केले. गाडी शिंकली नाही, खोकली नाही. चढाच्या टोकाला पोहोचल्यावर सासूबाईंनी सीटची कड हळूच सोडली, बाहेरून मागे पळणाऱ्या कुंपणांकडे बघितलं आणि म्हणाल्या,

"काय गं, ही एवढीच पळते का?"